आधी कागद, मग वेबसाइट



अशी पुस्तिका हातात आली की आम्ही शेवटची पानं आधी उघडतो. तिथे जाहिराती असतात. डबे पोचवणाऱ्या ताई, मुलांना गणित शिकवणारे सर, मेंदी काढणाऱ्या वहिनी, हिशेब आणि कराचे कागद करून देणारे गृहस्थ, घरगुती फराळ, साड्यांचं प्रदर्शन... मंडळाच्या कामाला या छोट्या व्यावसायिकांचा हातभार किती मोठा असतो ते वेगळं सांगायला नको. पण जाहिरातीत बहुधा काय असतं? एक नाव, एक ओळ आणि एक मोबाइल नंबर.

आता समजा, रात्री अकरा वाजता कुणीतरी ती जाहिरात पाहिली. एवढ्या उशिरा फोन करणं बरं दिसत नाही. मग तो माणूस मोबाइलवर नाव टाकून शोधतो. काही सापडलं नाही तर पाच मिनिटांत त्याला दुसरं कुणीतरी सापडतं आणि मागणी तिकडे जाते. तुमच्या चकलीत काही खोट नव्हती. त्याने प्रश्न विचारला तेव्हा उत्तर द्यायला कुणी जागं नव्हतं, इतकंच. संकेतस्थळ, म्हणजे आपली वेबसाइट, हे त्या वेळी जागं राहणारं माणूस आहे. एवढी व्याख्या लक्षात ठेवली तरी अर्धा धडा झाला.

आम्ही पेशाने सॉफ्टवेअरवाले. त्यामुळे "दोनच पानांची तर वेबसाइट, एखाद्या शनिवारी बसून करून द्याल का?" ही विचारणा आम्हाला नवी नाही. पानं दोन असोत की वीस, करायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो आधी जे ठरवायचं ते ठरलेलं नसतं म्हणून. आणि ते आम्ही ठरवू शकत नाही, तुम्हीच ठरवू शकता. यासाठीच हा धडा. यातले पहिले चार पाठ कॉम्प्युटर बंद ठेवून करायचे आहेत, बरं का!

उदाहरणासाठी एकच व्यवसाय शेवटपर्यंत धरून ठेवू. समजा, हॅरोमधल्या एक काकू घरून दिवाळीचा फराळ करून विकतात. तुमचा धंदा वेगळा असेल तर चकलीच्या जागी आपला माल घाला, पायऱ्या त्याच राहतील.

थोडा इतिहास

घरबसल्या खरेदी याच देशात किती जुनी आहे पाहा. मे १९८४ मध्ये गेट्सहेडच्या ७२ वर्षांच्या जेन स्नोबॉल या आजींनी टीव्हीच्या रिमोटवरून टेस्कोकडे मार्गरिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. मायकल अल्ड्रिच यांनी टीव्ही आणि टेलिफोन जोडून ही पद्धत तयार केली होती. सामान दारात आल्यावर आजींनी पैसे रोख दिले. पडद्यावर ना चित्रं होती, ना हलणाऱ्या पट्ट्या. होती फक्त मालाची यादी, आणि काय हवं ते निवडायची सोय. आजींना तेवढं पुरलं.

पुढे लंडनमध्ये जन्मलेल्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत महाजालाची कल्पना मांडली. पहिलं संकेतस्थळ १९९१ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र जगाला मोफत देऊन टाकलं. म्हणूनच आज काकूंना वेबसाइट काढायला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाला स्वामित्वशुल्कही द्यावं लागत नाही.

पाठ १ : प्रश्नांची वही

एक साधी वही घ्या. आठवडाभर फोनवर, व्हॉट्सॲपवर, देवळात, मंडळाच्या कार्यक्रमात गिऱ्हाईक जे जे विचारील ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. आपले शब्द घालू नका. काकूंच्या वहीत साधारण असं काही दिसेल :

"चकली अर्धा किलो मिळेल का? केवढ्याला?"
"शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेता?"
"रेडिंगला पोस्टाने पाठवाल का?"
"लाडवात काजू आहेत का हो? मुलाला चालत नाहीत."
"अनारसा म्हणजे काय? आमच्या ऑफिसातल्या लोकांना द्यायचाय."

वहीत एकाच प्रश्नापुढे पाच-सहा खुणा झाल्या की त्याचं उत्तर पहिल्या पानावर यायला हवं हे कळतं. जो प्रश्न कुणीच विचारला नाही, उदाहरणार्थ "तुमचं ध्येयवाक्य काय?", त्याला पहिल्या पानावर जागा द्यायची गरज नाही.

शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा. इंग्लंडमध्ये आपली गिऱ्हाइकं दोन प्रकारची असतात. एकाला अनारसा सांगावा लागत नाही, आणि दुसऱ्याला तो सांगितल्याशिवाय विकता येत नाही. सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या दोन मित्रांनी २०१० मध्ये हाउन्स्लोमध्ये वडापाव विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना तो फुकट चाखायला दिला होता. वडापाव म्हणजे काय, याचं त्याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही! पण वेबसाइटवरून घास भरवता येत नाही. तिथे ते काम एका चांगल्या फोटोला आणि दोन सोप्या ओळींना करावं लागतं.

पाठ २ : एका पानाचं एक काम

आता वहीतल्या प्रश्नांचे गट पाडा. बहुतेक छोट्या व्यवसायांचे पाचच गट होतात आणि तीच तुमची पाच पानं :

१. मुख्य पान : आम्ही काय विकतो, कुठे, आणि मागवायचं कसं.
२. पदार्थ आणि दर.
३. मागणी आणि पोचवणी : तारखा, भाग, पोस्टाचा खर्च.
४. आमच्याविषयी : स्वयंपाक कोण करतं, कुठे करतं, नोंदणी आहे का.
५. संपर्क.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक वाक्य लिहा : "हे पान वाचून झाल्यावर माणसाने काय करावं?" मुख्य पानासाठी उत्तर "पदार्थ पाहावेत", दरांच्या पानासाठी "मागणी द्यावी". ज्या पानाला असं वाक्य सुचत नाही ते पान नकोच.

यानंतर आपला मोबाइल कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ ओढा. असे पाच चौकोन काढा. गिऱ्हाईक बहुधा मोबाइलवरूनच येणार, तेव्हा आपल्याला मिळालेली जागा एवढीच. त्या चौकोनात नाव कुठे, फोटो कुठे, दर कुठे, बटण कुठे ते पेन्सिलीने मांडा. दाटी झाली तर अक्षर बारीक करू नका, मजकूर कमी करा.

मग हे पाच कागद घरातल्या अशा माणसापुढे ठेवा की ज्याला या कामाची काहीच माहिती नाही. सासूबाई असल्या तर फारच उत्तम. त्यांना म्हणा, "तुम्हाला अर्धा किलो चकली हवी आहे. बोट कुठे लावाल?" त्यांनी बोट लावलं की त्या बटणाचा पुढचा कागद समोर ठेवा. त्या अडल्या तर समजावायला जाऊ नका. कुठे अडल्या तेवढं टिपून घ्या, आणि खोडरबर घेऊन ती जागा बदला. मोठ्या कंपन्यांतही याच पद्धतीने कागदावर चाचणी करतात. कागदावरची चूक खोडरबराने जाते, तीच चूक वेबसाइट झाल्यावर सुधारायला शनिवार-रविवार जातो.

पाठ ३ : मजकूर आणि फोटो

बहुतेक वेबसाइटी मजकुरापायी अडतात. तयार झालेलं पान महिनोन्महिने "लवकरच येत आहे" अशी पाटी लावून बसतं, कारण लिहायचं कुणी हे ठरलेलं नसतं. म्हणून आधी लिहा.

कसं लिहावं? "आम्ही उत्कृष्ट दर्जाची सेवा देण्यास कटिबद्ध आहोत" हे वाक्य इमारत बांधणाऱ्यापासून बँकेपर्यंत कुणालाही चालतं, म्हणून ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. त्याऐवजी : "भाजणीची चकली, ५०० ग्रॅम. भाजणी घरी भाजून दळलेली. बंद डब्यात ठेवावी." दुसरं वाक्य फक्त काकूच लिहू शकतात.

भाषा कोणती ठेवायची? आमचं मत असं, की इंग्रजी मजकूर असावा आणि पदार्थाचं नाव रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत द्यावं. आपली मंडळीसुद्धा शोधताना रोमन अक्षरांतच टंकतात, तेव्हा नुसतं देवनागरी ठेवलं तर काकूंची चकली त्यांना सापडणार नाही. देवनागरी टंकताना युनिकोडच वापरा. पूर्वी मराठी पानांवर वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर सगळीकडे चौकोन दिसत. युनिकोडमुळे तो त्रास संपला. मराठी मजकूर मराठी आहे अशी खूणही पानाच्या आत करता येते. त्यामुळे अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणारे प्रोग्रॅम तो मजकूर इंग्रजी समजून वाचत नाहीत.

फोटो दिवसा, खिडकीपाशी, पांढऱ्या ताटात काढा. फ्लॅश नको. मोबाइलने काढलेला फोटो सहज तीन-चार मेगाबाइटचा असतो. तो तसाच चढवला तर आगगाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाला पान उघडेपर्यंत स्टेशन येतं. आकार कमी करून दोनशे किलोबाइटच्या आसपास आणा. इतर कुणाच्या पानावरचे फोटो उचलू नका. एक तर त्यावर त्यांचा हक्क असतो, आणि दुसरं म्हणजे ती चकली तुमची नसते.

पाठ ४ : तिळाचा प्रश्न

हा पाठ कंटाळवाणा वाटेल, पण सर्वात महत्त्वाचा हाच आहे. लाडवातल्या काजूबद्दल विचारणारी ती आई आठवा.

नताशा एडनान-लापेरूझ ही १५ वर्षांची मुलगी २०१६ मध्ये हीथ्रो विमानतळावर घेतलेला सँडविचचा पाव खाऊन दगावली. पावाच्या पिठात तीळ होते आणि वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि त्यातून जो कायदा झाला तो "नताशाचा कायदा" म्हणून ओळखला जातो. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो लागू आहे. विकण्याच्या जागीच आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांवर सगळ्या घटकांची यादी त्यामुळे सक्तीची झाली.

फोनवरून किंवा वेबसाइटवरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना नियम असा आहे, की ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती गिऱ्हाइकाला खरेदी पक्की होण्याआधी मिळाली पाहिजे आणि माल हातात पडतानाही मिळाली पाहिजे. असे १४ घटक ठरलेले आहेत. त्यांतले आपल्या फराळात कुठे कुठे लपलेत ते पाहा :

चकली : तीळ. शिवाय हिंग! बाजारात मिळणाऱ्या हिंगाच्या डबीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे तांदूळ आणि डाळींच्या भाजणीच्या चकलीतही गहू येऊ शकतो. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा.
चिवडा : शेंगदाणे, काजू, आणि फोडणीतली मोहरी. हो, मोहरीसुद्धा त्या १४ मध्ये आहे.
बेसन लाडू : तुपामुळे दूध, वरून काजू. बेदाण्यांना टिकण्यासाठी सल्फाइट लावलेलं असू शकतं, तोही यादीतला घटक.
करंजी, शंकरपाळे : रवा-मैद्यामुळे गहू, शिवाय दूध, आणि करंजीच्या सारणात सुकामेवा.

आपल्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही, कारण खाणाऱ्याला कृती माहीत असते. पण ऑफिसातल्या ज्या सहकाऱ्याला अनारसा ठाऊक नाही त्याला चकलीतले तीळ कसे ठाऊक असणार? तेव्हा प्रत्येक पदार्थाच्या दराखालीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्यातले घटक लिहा. वेगळ्या पानावर "अधिक माहितीसाठी" म्हणून ढकलू नका. आणि सगळं एकाच स्वयंपाकघरात होत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

बाकीचे नियम थोडक्यात :

खाद्यपदार्थ विकायचे तर घरून असलं तरी व्यवसाय सुरू करण्याच्या निदान २८ दिवस आधी आपल्या काउन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती मोफत असते. पुढे स्वच्छतेचा दर्जा मिळाला की तो आकडा "आमच्याविषयी" पानावर अभिमानाने लावा.

ऑनलाइन व्यवसायाला २००२ च्या नियमांनुसार आपलं नाव, प्रत्यक्ष पत्ता आणि ईमेल द्यावा लागतो. लिमिटेड कंपनी असेल तर कंपनीचं नोंदलेलं नाव, क्रमांक, ती देशाच्या कुठल्या भागात नोंदलेली आहे ते, आणि नोंदणीकृत पत्ता, हे सगळं वेबसाइटवर हवं.

साडी-दागिन्यांसारखा माल ऑनलाइन विकला तर गिऱ्हाइकाला तो मिळाल्यापासून १४ दिवसांत मागणी रद्द करण्याचा हक्क २०१३ च्या नियमांनी दिला आहे. लवकर खराब होणारे पदार्थ आणि खास मापाने बनवून दिलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. तुमचा माल कशात बसतो ते पाहून तसं "मागणी" पानावर लिहा.

लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर घेता म्हणजे माहिती-संरक्षणाचा कायदा तुम्हालाही लागू होतो. कशासाठी घेतो, किती दिवस ठेवतो, कुणाला देतो, हे चार ओळींत सांगा. जी माहिती लागत नाही ती मागूच नका. चकलीसाठी जन्मतारीख कशाला?

पाठ ५ : नाव कुणाच्या नावावर?

आता कॉम्प्युटर सुरू करायला हरकत नाही.

वेबसाइटला दोन गोष्टी लागतात : नाव आणि जागा. नाव म्हणजे डोमेन. ते कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळतं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. डॉट यूकेने संपणाऱ्या नावांचं दप्तर १९९६ पासून नॉमिनेट ही संस्था सांभाळते. डॉट को डॉट यूके तर पूर्वीपासून आहेच, २०१४ पासून नुसतं डॉट यूकेही घेता येतं. जागा म्हणजे होस्टिंग : कुणाच्या तरी सतत चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर आपली पानं ठेवायची सोय. नाव हा पत्ता आणि होस्टिंग हे घर. घर बदललं तरी पत्ता तोच ठेवता येतो, ही यातली गंमत.

नाव छोटं घ्या, फोनवर एकदा सांगून कळेल असं घ्या. मराठी शब्दाचं रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होत असेल तर दहा जणांना लिहायला सांगा आणि बहुतेकांनी जे लिहिलं ते निवडा.

आणि आता कान देऊन ऐका. आमच्या पाहण्यातली एक गोष्ट. एका घरगुती व्यवसायाची वेबसाइट ओळखीतल्या एका हुशार मुलाने हौसेने करून दिली. नाव त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डाने घेतलं. हेतू चांगलाच होता. काही वर्षांनी तो नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेला, कार्डाची मुदत संपली, आठवणीची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली. ऐन हंगामात वेबसाइट बंद पडली. त्याच नावाचा ईमेलही बंद पडला. छापलेल्या पिशव्यांवर, कार्डांवर, जाहिरातींत तेच नाव होतं. भांडण कुणाशी करणार? कागदोपत्री त्या नावाशी व्यवसायाचा काही संबंधच नव्हता.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर हे पाच मुद्दे लिहून काढा :

१. डोमेन माझ्या किंवा माझ्या कंपनीच्या नावावर आहे का? "केलंय तुमच्याच नावावर" यावर न थांबता खातं उघडून पाहा.
२. पैसे कुठल्या कार्डातून जातात? ते कार्ड कधी संपतं?
३. नूतनीकरणाची तारीख काय? ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.
४. डोमेनच्या खात्याला दिलेला ईमेल वेगळा आहे ना? त्याच डोमेनचा ईमेल दिला आणि डोमेनच बंद पडलं तर सूचना येणार कुठे?
५. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल या तिन्हींचे पासवर्ड वेगवेगळे आहेत का, मोबाइलवर येणाऱ्या कोडची दुसरी कडी लावली आहे का, आणि घरातल्या आणखी एका माणसाला हे सगळं कुठे आहे ते माहीत आहे का?

वेबसाइट कुणाकडूनही करून घ्या. भाच्याकडून घ्या, कंपनीकडून घ्या, आमच्याकडून घ्या. पण किल्ल्यांचा जुडगा आपल्या कमरेलाच राहू द्या.

याच कारणासाठी "फेसबुकचं पान आहे की, वेबसाइट कशाला?" या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकतो. ते पान जरूर ठेवा, पण ते भाड्याच्या घरातलं दुकान आहे. याहूने जिओसिटीज ही मोफत पानांची वसाहत २००९ मध्ये जवळजवळ सर्व जगासाठी बंद केली. आपल्या मंडळींचं लाडकं ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. घरमालकाने टाळं लावलं की आतला माल कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

पाठ ६ : उभारणी

तीन रस्ते आहेत. कागदकाम झालेलं असेल तर तिन्ही सोपे जातात.

पहिला, तयार साच्याचा : विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय यांसारख्या सेवा. महिन्याला ठरावीक पैसे, आणि माउसने ओढून पान मांडायचं. ज्यांना वेळ कमी त्यांना हा ठीक. घेण्याआधी एकच विचारा : उद्या सोडून जायचं ठरवलं तर माझा मजकूर आणि गिऱ्हाइकांची यादी बाहेर काढता येते का?

दुसरा, वर्डप्रेस. मॅट मुलेनवेग या अमेरिकन तरुणाने आणि इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या माइक लिटल यांनी २००३ मध्ये हे सुरू केलं. प्रोग्रॅम मोफत आहे, होस्टिंगचे पैसे द्यावे लागतात. स्वातंत्र्य जास्त, पण वेळोवेळी अद्ययावत करत राहावं लागतं. नाही केलं तर चोरांना वाट सापडते.

तिसरा, हाताने लिहिणं. पाच पानांसाठी हे वाटतं तेवढं अवघड नाही. एचटीएमएल म्हणजे पानाचा सांगाडा : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा फोटो, अशा खुणा मजकुराला करायच्या. सीएसएस म्हणजे त्यावरचे कपडे : रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा. घरातल्या शाळकरी मुलांना बरोबर घ्या, सुट्टीतला चांगला उद्योग होईल.

रस्ता कोणताही असो, तीन गोष्टी पाळा. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस हवं, म्हणजे गिऱ्हाइकाने भरलेली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आता मोफत मिळतं. दुसरं, कार्डाचे नंबर स्वतःच्या फॉर्मवर कधीही घेऊ नका. पैसे घेण्याचं काम त्यातल्या कंपनीच्या पानावर सोपवा, किंवा सुरुवातीला बँकेत थेट भरायला सांगा. तिसरं, फोन नंबर चित्रात न टाकता मजकुरात लिहा आणि त्याला दुवा द्या, म्हणजे बोट लावताच फोन लागेल.

पाठ ७ : उघडण्याआधी आणि उघडल्यानंतर

उघडण्याआधी पान तीन वेगवेगळ्या मोबाइलवर पाहा, त्यातला एक जुना असू द्या. उन्हात उभं राहून वाचा. पिवळ्यावर पांढरी अक्षरं खोलीत छान दिसतात, बाहेर नाहीशी होतात. अक्षरं निदान सोळा पिक्सेलची असू द्या. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या बटणाने मागणी देता येते का पाहा. कुणाचा हात थरथरतो, कुणाला कमी दिसतं, त्यांच्यासाठी हे लागतं. मग स्वतःच एक खरी मागणी देऊन बघा : ईमेल आला का, आणि आला तो नको असलेल्या पत्रांच्या पेटीत तर गेला नाही ना?

उघडल्यावर गूगलच्या नकाशावर व्यवसायाची मोफत नोंद करा. पुढच्या पुस्तिकेतल्या जाहिरातीत मोबाइल नंबराखाली वेबसाइटचं नाव छापा. आणि महिन्यातून एक दिवस, समजा पहिला रविवार, वेबसाइटसाठी अर्धा तास राखून ठेवा : दर बरोबर आहेत का, गेल्या दिवाळीची "शेवटची तारीख" अजून झळकते आहे का, नवा घटक वापरायला लागलो तो यादीत आला का. जुनी माहिती कोऱ्या पानापेक्षा वाईट, कारण तिच्यावर कुणीतरी विश्वास ठेवतं.

जाता जाता एक गोष्ट देणगीदारांसाठी. हाच धडा मंडळांना आणि सेवाभावी संस्थांनाही लागू आहे. देणगी देणाऱ्याचेही प्रश्न ठरलेले असतात : संस्था नोंदणीकृत आहे का, क्रमांक काय, गेल्या वर्षीचे पैसे कुठे गेले, गिफ्ट एड मिळेल का? इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त उत्पन्न असलेल्या नोंदणीकृत संस्थेला देणगीच्या आवाहनात आपली नोंदणी सांगावीच लागते. आणि करदात्याने गिफ्ट एडच्या चौकोनात खूण केली तर प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. तो चौकोन पानाच्या तळाशी दडला असेल तर हे पैसे तसेच राहून जातात. तुमच्या ओळखीच्या संस्थेचं पान उघडून हे चार प्रश्न विचारून बघा, आणि उत्तर सापडलं नाही तर समितीला प्रेमाने कळवा.

गृहपाठ : आज एक वही काढा आणि तिच्यावर आपल्या व्यवसायाचं नाव लिहा. उद्या जो पहिला फोन येईल त्यातला पहिला प्रश्न पहिल्या ओळीवर उतरवा. आठ दिवसांनी वही भरलेली दिसली की शनिवारी बसायला आम्ही आनंदाने येऊ. चहा मात्र तुमच्याकडचा!